सांभाळून घ्या

मध्यलयीचा तीनताल होता. सेकंदाला साधारण दोन मात्रा, म्हणजे १६ मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांत पुरं. गायिका तरुण, तयारीची, आणि त्या संध्याकाळी जरा जास्तच रंगलेली. बंदिशीचा मुखडा, तिची फिरून फिरून येणारी पहिली ओळ, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून उचलायचा होता. वरच्या षड्जाला हात लावून आलेली लांब तान संपवता संपवता तिनं तो आठव्याच मात्रेवर उचलला.

पेटीवर मी होतो. अशी गोष्ट पेटीवाल्याला आधी पोटात कळते, मग डोक्यात. बोटं सवयीनं मुखड्यामागे निघालेली असतात आणि पोटात खड्डा पडतो: आता ही समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणार, तेव्हा तबला सोळाव्या मात्रेवर असणार. ही आलेली आणि घर बंद.

तबल्यावर साठीतले एक काका होते. त्यांनी मान वर केली नाही. ठेका सोडला, एक छोटासा तुकडा सुरू केला, त्या तुकड्याच्या पोटात एक मात्रा गडप केली आणि गायिकेच्या समेवर असा खणखणीत धा दिला की पुढच्या रांगेतून दाद आली. वर स्वतःच ‘क्या बात है’ म्हणाले. गायिका खुशीत हसली. तिला काही कळलंच नव्हतं.

रात्री घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. चूक आठव्या मात्रेला झाली. दहाव्या मात्रेपर्यंत काकांना ती कळली असं धरलं, तर ठरलेली सम तिथून सात मात्रांवर होती, आणि त्यांना ती सहांत गाठायची होती. सहा मात्रा म्हणजे तीन सेकंद. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, सहांत बसणारं काहीतरी निवडायचं, वाजवायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते हातोडी पिशवीत टाकत होते, तेव्हा मी हळूच म्हटलं, “काका, मगाशी एक मात्रा...”

“कुठली?”

मी नुसता बघत राहिलो. मग ते म्हणाले, “आमच्या गुरुजींनी बघितलं असतं ना, तर ही हातोडी फेकून मारली असती मला.” आणि गवसणीची नाडी आवळत, “तालमीत असती तर थांबवली असती तिला. दहा वेळा घोटून घेतलं असतं. मैफलीत नाही.”

मला ते बरीच वर्षं पटलं नव्हतं. ताल ही मैफलीतली एकच गोष्ट अशी आहे जी कुणीही हलवायची नसते. राग गायकाच्या गळ्याप्रमाणे दिसतो, लय वाढते, बंदिशीचे शब्दसुद्धा तोंडात विरघळतात. पण सम ही सगळ्यांनी मिळून ठरवलेली जागा. ती एकानं गुपचूप सरकवायची म्हणजे फसवणूकच की. पण मला त्या रात्रीचा आणखी एक माणूस आठवतो. मागे भिंतीशी बसून मांडीवर हातानं ताल धरणारा एक श्रोता. समेच्या जरा आधी त्याचा हात हवेत थबकला. त्यानं काकांकडे पाहिलं, गायिकेकडे पाहिलं, आणि मग हात मांडीवर ठेवून पहिल्यापासून मोजायला लागला. शेजारच्याला त्यानं कोपर मारलं नाही. फसवणूक म्हणावी तर त्यात तोही सामील झाला होता.

‘इम्प्रोव्हायझेशन’ला मराठीत एकच शब्द शोधायला गेलं की पंचाईत होते. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द भाषणातला; ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ आणि ‘उत्स्फूर्त बंद’ यांनी तो पार झिजवला आहे. गाण्यात ‘उपज’ म्हणतात, ‘बढत’ म्हणतात, एखादी ‘जागा’ घेतली म्हणतात. नाटकवाले ‘अ‍ॅडिशन’ घेतात. घरात आपण ‘वेळ मारून नेतो’, ‘निभावतो’, ‘जमवून घेतो’. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ ‘आधी न दिसलेलं’ असा. सगळा भर पुढच्यावर: जे येणार आहे ते ठाऊक नाही.

मराठीत या व्यवहाराचं खरं क्रियापद आहे ‘सुचणं’, आणि त्याचं व्याकरण मोठं शहाणं आहे. मी गातो, मी बोलतो, मी खोटं सांगतो. पण मी सुचत नाही. मला सुचतं. मला भूक लागते, मला झोप येते, मला ठेच लागते, तसं. करणारा मी नाही, माझ्या वाट्याला नुसती चतुर्थी विभक्ती. आणि याच चतुर्थीच्या घरात आणखी एक क्रियापद राहतं: मला आठवतं. सुचणं आणि आठवणं या दोघांची बैठक एकच असावी, असा माझा जुना संशय आहे.

चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्रॉन या दोन संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांच्याकडून एक खास बनवलेला छोटा कीबोर्ड वाजवून घेतला: कधी पाठ केलेलं, कधी मनानं. मनानं वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातला, स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेशी जोडला जाणारा बाजूचा पट्टा शांत झालेला दिसला, आणि मधला, स्वतःबद्दल काही सांगण्याशी जोडला जाणारा भाग जागा झाला. सहाच माणसं, त्यात पाठीवर झोपून वाजवणारी. त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण ‘मला सुचलं’मधल्या त्या विभक्तीशी हे बरं जुळतं. पहारेकरी जरा डुलकी घेतो तेव्हा माल आत येतो.

माल येतो कुठून, हा पुढचा प्रश्न. विलंबित एकताल घ्या. मात्रा १२. अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट. कागदावर बंदिश चार-सहा ओळींची, आणि गायचं असतं पाऊण तास. नवख्या श्रोत्याला वाटतं, गायक वाटेल ते गातो आहे. खरं तर त्याला वाटेल ते गायची मुभा जवळजवळ नाहीच. गंधार दाखवून झाला असेल तर पुढच्या आवर्तनात त्या गंधाराचं काहीतरी करावं लागतं. मघाशी एका जागेवरून मागे फिरला असेल, तर आता तिथेच पोचल्यावर ऐकणारा सरसावून बसतो. बढत म्हणजे वाढणं, आणि वाढायचं तर आधीचं अंगावर असावं लागतं. गायक कमी पडतो तो बहुतेक वेळा पुढचं न सुचल्यामुळे नव्हे. मागच्या चार आवर्तनांत आपण काय केलं ते त्याच्या हातून सुटतं, आणि मग तो तेच ते गायला लागतो. साथीला बसलं की हे स्वच्छ दिसतं. पेटीवाला अर्धं पाऊल मागे असतो, त्याचं कामच मुळी मागचं धरून ठेवण्याचं.

योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराची एक हकीकत मला फार धीर देते. १७४७ च्या मे महिन्यात तो पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजाकडे, दुसऱ्या फ्रेडरिककडे गेला. राजानं त्याला एक सुरावट वाजवून दाखवली आणि म्हटलं, हिच्यावर फ्यूग करा. बाखनं तिथल्या तिथे तीन आवाजांची फ्यूग वाजवली. म्हणजे एकच सुरावट तीन पदरांत, एकमेकांच्या मागून निघालेली, एकमेकांत न अडखळणारी. दरबार थक्क. मग राजाला सहा आवाजांची हवी झाली. इथे बाखनं जे केलं ते मला तीन आवाजांच्या फ्यूगपेक्षा मोठं वाटतं: सहा पदर आयत्या वेळी पेलेल अशी दुसरी, स्वतःच्या पसंतीची सुरावट त्यानं घेतली. राजाची सुरावट घरी नेली. दोनच महिन्यांनी ती सहा आवाजांत लिहून, आणखी बऱ्याच रचनांसकट राजाला अर्पण केली, आणि अर्पणपत्रिकेत सांगून टाकलं की पुरेशी तयारी नसल्यामुळे त्या दिवशी त्या सुरावटीला साजेसं काम झालं नाही. बाख! आयत्या वेळी काय उचलायचं आणि काय घरी न्यायचं, हे कळणं हासुद्धा त्याच विद्येचा भाग असावा.

आणि आपलं नाटक तर असंच सुरू झालं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पात्रांच्या हातात संवाद नव्हते. पदं सूत्रधार म्हणायचा. त्या पदाला धरून राम, सीता, राक्षस आपापलं भाषण मनानं करायचे. जमायचं, कारण गोष्ट सगळ्यांना ठाऊक. धनुष्य मोडणार हे नटाला माहीत, प्रेक्षकाला माहीत. ते मोडण्यापूर्वी रावणानं किती फुशारकी मारायची, एवढीच मोकळीक. पुढे १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, आणि असल्या, आधी लिहून मग पाठ करून करायच्या नाटकांना लोक ‘बुकिश’ नाटकं म्हणू लागले. गंमत बघा, आज ज्याला आपण नुसतं ‘नाटक’ म्हणतो त्याला तेव्हा विशेषण लावावं लागत होतं. न लिहिलेलं ते साधं नाटक, लिहिलेलं ते पुस्तकी. आता उलट झालं आहे; न लिहिलेल्याला वेगळं नाव, वेगळी शिबिरं, वेगळे गुरू.

मी स्वतः रंगमंचावर फारसा उभा राहिलेलो नाही. कॉलेजातून बाहेर पडल्यावर आमचा एक हौशी गट होता, त्यात मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, हातात टॉर्च. सबंध नाट्यगृहात एकटा मीच असा की ज्याच्याकडे नाटक पूर्ण आहे. त्या अधिकाराचा मला सूक्ष्म गर्वही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर एका प्रयोगात पहिल्या अंकात नायिका टेबलाचा खण उघडते, भावाचं पत्र काढते आणि मोठ्यानं वाचते. पत्र चांगलं पानभर. नाटकाचा सगळा डोलारा त्या पत्रावर. तिनं खण उघडला. खण रिकामा. प्रॉपर्टी बघणारा पोरगा पत्र मेकअपच्या आरशापुढे विसरला होता.

मी विंगेतून पत्राचं पहिलं वाक्य फेकलं. मूर्खपणाच; तिला वाक्य नको होतं, कागद हवा होता. तिनं खण सावकाश बंद केला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, “जाळलं मी ते पत्र. कालच. पण शब्दन्‌शब्द पाठ आहे.” आणि तिनं पत्र म्हणून दाखवलं. वाचताना ती दर वेळी जरा ओढून-ताणून करायची, पण त्या दिवशी ती समोर अंधारात बघत म्हणत गेली आणि प्रेक्षागृह गप्प झालं. मी टॉर्चच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून ती एक शब्द चुकते का ते बघत होतो.

हेच ते. मी शब्द तपासत होतो. ‘जाळलं’ हा शब्द माझ्या कानावर पडला होता, पण तो संहितेत नव्हता, म्हणून मी तो धरला नाही.

मध्यंतर झालं. चहा, कौतुक, ‘काय सुचलं गं तुला’. दुसऱ्या अंकात थोरला दीर येतो, तेच पत्र तिच्या तोंडासमोर नाचवतो आणि टराटरा फाडतो. दिराचं काम करणारा पहिला अंकभर मिशा चिकटवत बसला होता. तिकडे प्रॉपर्टीवाल्या पोराला पत्र सापडलं होतं. झाल्या चुकीची भरपाई म्हणून त्यानं ते अगदी आठवणीनं दिराच्या हातात दिलं. दीर आला, खिशातून पत्र काढलं, आणि ठेवणीतल्या आवाजात गरजला, “हे बघ! ओळखलंस?”

हशा असा काही उसळला की छताचे पंखे हलले असावेत. दिराला काही कळेना. त्यानं बिचाऱ्यानं मिशीला हात लावून पाहिला. नायिका क्षणभर थांबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “म्हणजे मी जाळली ती... नक्कल होती?” दिराकडे उत्तर नव्हतं, पण त्याच्याकडे पुढचं वाक्य होतं, आणि योगायोगानं ते होतं, “तुला काय वाटलं, मी एवढा दूधखुळा आहे?” नाटक सावरलं. नंतर काही लोक म्हणाले की नकलेची कलाटणी छान होती, जरा आणखी फुलवायला हवी होती.

सगळे त्या मुलीच्या हजरजबाबीपणाची तारीफ करत राहिले, आणि ती योग्यच. पण मला आजही टोचतं ते दुसरं. तिनं पत्र जाळलं त्या क्षणी नाटकावर एक उधारी चढली होती. ती कुठेतरी फेडावी लागणार हे ज्याला ताबडतोब दिसायला हवं होतं, तो माणूस संहिता मांडीवर घेऊन बसला होता. तिला पहिल्या अंकात सुचलं, ही कमाल. दुसऱ्या अंकात, हशाच्या लाटेत, आपण पहिल्या अंकात नेमकं काय बोललो होतो ते तिच्या ध्यानात होतं, ही त्याहून मोठी.

कीथ जॉनस्टन नावाचा एक नाट्यशिक्षक होऊन गेला. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात सुरुवात केली, पुढे कॅनडात स्थायिक झाला. आयत्या वेळी नाटक रचणाऱ्या नटाबद्दल त्यानं एक चित्र रंगवलं आहे: तो उलटा चालणाऱ्या माणसासारखा असतो. पुढे काय येणार ते त्याला दिसत नाही, पण कुठून आलो ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. गोष्ट रचायची म्हणजे नवीन काही शोधायचं नाही. मागे टाकून आलेलं उचलून पुन्हा आत आणायचं. हे वाचलं तेव्हा मला ते पत्र आठवलं आणि काकांची ती गडप केलेली मात्रासुद्धा.

याउलट ‘हो, आणि...’ या मंत्राचा मला कंटाळा आला आहे. समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणा आणि पुढे काही जोडा, हा शिकागोच्या आयत्या वेळच्या नाटकवाल्यांचा नियम. त्यांच्या जागी तो खराच आहे. पण तो आता कंपन्यांच्या प्रशिक्षणात आला आहे. मी अशा एका दिवसभराच्या शिबिराला बसलो आहे. गोल करून उभे राहिलेले चाळीस लोक एकमेकांना ‘हो, आणि’ म्हणत होते आणि समोरच्याचं वाक्य कुणीही ऐकत नव्हतं, कारण प्रत्येक जण आपल्या ‘आणि’ची जुळवाजुळव करत होता.

अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं एक ध्वनिमुद्रण मात्र कितीही वेळा ऐकलं तरी कंटाळा येत नाही. फेब्रुवारी १९६०, बर्लिन. ‘मॅक द नाइफ’ गाताना मध्येच ती शब्द विसरली. थांबली नाही, ला-ला करून झाकलंही नाही. आपण शब्द विसरलो आहोत, हेच तिनं गायला घेतलं, त्याच चालीत, लयीला धक्का न लावता. मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही करून घेतली. त्या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. शब्द गेले तरी चाल तिच्याजवळ होती, आणि चाल आठवते तोवर माणूस पडत नाही.

हे सगळं कलावंतांचं झालं. पण आपण दिवसभर दुसरं करतो काय? दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, भाषा कुठलीही असो, थोडंफार इकडेतिकडे. आणि एक साधा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजत असतं. त्याचा मुखडा ऐकून त्याची सम कुठे पडणार ते आपण आधीच हेरलेलं असतं. ‘काय म्हणताय?’ ‘चाललंय.’ एवढ्यातही एक तबलजी बसलेला असतो. तो चुकतो तेव्हाच कळतं की तो होता.

माझ्या आईशी बोलताना तो माझ्या हातून पुरता चुकायला लागला होता.

ती ३१ वर्षं शाळेत शिकवत होती. आता तिला सकाळी काय झालं ते दुपारी आठवत नाही, आणि दुपारी चारच्या सुमाराला ती बहुधा शाळेत असते. पहिल्यांदा तिनं मला विचारलं, “भाऊसाहेब, मस्टर कुठे ठेवलं?” भाऊसाहेब म्हणजे शाळेतले क्लार्क. मी तिच्याजवळ बसून, हात हातात घेऊन समजावलं, “आई, मी आहे. शाळा सोडून किती वर्षं झाली तुला.” तिच्या चेहऱ्यावर मला गोंधळ दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती शरम. भर वर्गात फळ्यावर चूक निघावी तशी. मी तिला असं चार-पाच वेळा सुधारलं, म्हणजे चार-पाच वेळा तिची मैफल थांबवून मोठ्यानं मात्रा मोजून दाखवल्या.

मग एक दिवस मी कपाटातली एक जुनी लांब वही काढली, रेघा मारल्या आणि तिच्यापुढे धरली. “हे घ्या, बाई.” तिनं चष्मा नीट केला, तारीख विचारली, सही केली. आणि शेजारच्या वर्गाच्या गलक्याबद्दल तक्रार केली. मी म्हटलं, सांगतो त्यांना. ती म्हणाली, सांगून काही उपयोग नाही, तिथे शिक्षकच नाही. त्या दिवशी आम्ही अर्धा तास गप्पा मारल्या. तिच्याशी अर्धा तास गप्पा मारून मला वर्ष झालं असेल.

मला वाटलं, जमलं. पेटीवर इतकी वर्षं काढलेली, मागचं धरून ठेवायची सवय. इथे तर समोरच्याला काहीच आठवत नाही, म्हणजे दोघांचंही मीच आठवायचं. मंगळवारी ती मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना भेटायला निघाली. चपला घातल्या, दारापर्यंत गेली. मी पटकन म्हटलं, “मोठ्या बाई आठवडाभर रजेवर आहेत.” ती परत फिरली.

गुरुवारी निकालपत्रक तयार झालं. म्हणजे त्याच वहीचं एक पान, त्यावर थरथरत्या अक्षरांत आकडे. तिनं ते दुमडून मला दिलं. थोड्या वेळानं विचारलं, “काय म्हणाल्या मोठ्या बाई?”

“बघितला निकाल. खूश आहेत.”

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“त्या रजेवर आहेत ना?”

सकाळी आंघोळ कुणी घातली ते जिला सांगता येत नव्हतं, तिनं माझं मंगळवारचं वाक्य जपून ठेवलं होतं. माझ्याकडे काहीही नव्हतं. २०० मिलिसेकंद गेले, दोन सेकंद गेले, पंख्याचा आवाज यायला लागला. तिची नजर माझ्यावरून हलेना, आणि मी तिसरीतल्या पोरासारखा उभा.

“घरी नेऊन दाखवला असेल तुम्ही,” ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.

“हो बाई. घरी नेऊन दाखवला.”

“बरं केलंत. मस्टर आणा.”

वही पलंगाखाली सरकली होती. मी वाकून ती काढली, धूळ झटकली, तिच्यापुढे ठेवली. तिनं टोपण पुन्हा काढलं, बोटानं गुरुवारची ओळ शोधली, सही केली. मग वही फिरवून माझ्याकडे सरकवली.

“तुमची राहिलीय,” ती म्हणाली.